दशावतार, डार्विन आणि दहावीचा धडा

तासिका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. "उत्क्रांती म्हणजे दुसरं काय, आपले दशावतारच ना!" हे वाक्य मी पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकते. आता विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात उत्क्रांतीच्या तक्त्याला लागून दशावतारांचा तक्ता लावावा अशी सूचना आली आहे. मी नको म्हटलं. का नको ते इथे सविस्तर मांडते, कारण दोन मिनिटांत सांगायला गेलं की लोक एवढंच ऐकतात की बाई देव मानत नाहीत. मी मानते. आमच्या घरी रोज पूजा असते.

ही कल्पना लोकांना का आवडते ते मला कळतं. मासा पाण्यातला, कासव पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका वामन, परशू घेतलेला परशुराम आणि मग राज्य करणारा राम. ऐकायला फारच चपखल वाटतं.

पण हा काही एकमेव क्रम नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात २२ अवतारांची यादी आहे. तिथे वराह दुसरा आहे, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा आणि नरसिंह चौदावा. कपिल, दत्तात्रेय, ऋषभ, पृथू हे मनुष्यरूपातले अवतार माशाच्या आधी येऊन जातात. ही यादी रचणाऱ्याला प्राणिसृष्टीचा क्रम सांगायचा होता असं म्हणायला जागाच नाही. शतपथ ब्राह्मणात मनूला प्रलयातून वाचवणारा मासा आहे, पण तो विष्णू आहे असं तिथे म्हटलेलं नाही. कासव आणि वराह ही रूपं तर तिथे प्रजापतीची आहेत. या कथा वेगवेगळ्या काळात आल्या आणि हळूहळू विष्णूभोवती गोळा झाल्या.

आणि हे साम्य दाखवणारं लिखाण डार्विनच्या नंतरचं आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात आला. १८७७ मध्ये थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी दशावतार आणि उत्क्रांती यांची सांगड घातली, १८८२ मध्ये बंगालच्या केशवचंद्र सेनांनी तेच मांडलं. "आपल्याकडे आधीच होतं" असं ज्याला आपण म्हणतो ते उत्तर हातात आल्यावर मागे जाऊन जुळवलेलं आहे.

मला शिक्षिका म्हणून सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. कथेत माशाचं कासव होत नाही. तोच विष्णू प्रत्येक वेळी ठरवून, एका कामासाठी, पूर्ण रूप घेऊन येतो. उत्क्रांतीत ठरवणारं कोणी नसतं. एकाच जातीच्या पिल्लांमध्ये बारीक बारीक फरक असतात, जन्मतात त्यातली सगळी जगत नाहीत, ज्यांचा फरक त्या जागी त्या वेळी उपयोगी पडतो त्यांची पिल्लं जास्त होतात आणि तो फरक पुढे पसरतो. यात शिडी नाही, वरची पायरी नाही. आजचा बांगडा हा अर्धवट राहिलेला माणूस नाही. त्याच्यामागेही आपल्याइतकाच लांब इतिहास आहे. दोन तक्ते शेजारी लावले की मुलं नेमकी हीच शिडी डोक्यात घेऊन घरी जातात.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचंही तसंच. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जाती असाव्यात असा अंदाज काढला आणि तेव्हापासून "शास्त्रात हेच आहे" असा संदेश मोबाईलवर फिरतोय. ज्या श्लोकावरून हा हिशेब सांगतात त्यात जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि मनुष्य ४ लाख अशी वाटणी आहे. बेरीज बरोबर ८४. पण जगात पक्ष्यांच्या जाती ११ हजारांच्या आसपास आहेत, सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास, आणि माणसाची आज एकच जात आहे. शिवाय २०११ च्या अंदाजात तेरा लाख इकडे-तिकडे धरलेले आहेत आणि जिवाणू त्यात मोजलेलेच नाहीत. एक आकडा जवळ आला म्हणून आतली सगळी वाटणी डोळ्याआड करायची, याला मी पुरावा म्हणू शकत नाही.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठेही सांगितलेलं नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं आणि खुद्द त्यांच्या खात्याच्या मंत्र्यांनी, प्रकाश जावडेकरांनी, त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातला उत्क्रांतीचा भाग गेला आणि धड्याच्या नावात फक्त आनुवंशिकता उरली. कारण दिलं गेलं ते मुलांवरचा भार कमी करण्याचं. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो टिकावा असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतंही जरूर लिहा.

वाचनवेडा

उत्तम धागा. एक भर घालतो. ब्लाव्हाट्स्कींच्या चार वर्षं आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त हीच मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन अशी मालिका घेतली आणि ती बाहेरून आलेल्या आर्यांच्या टोळ्यांचा इतिहास म्हणून वाचली. मत्स्य म्हणजे होड्यांतून समुद्रमार्गे आलेला टोळीप्रमुख, आणि वामनाच्या कथेत फुल्यांचा नायक बळीराजा. त्याच यादीत भक्ताला लीला दिसते, फुल्यांना आक्रमण दिसतं, थिऑसॉफीवाल्यांना उत्क्रांती दिसते. यादीतून इतकं सगळं निघू शकतं, म्हणून तिला कशाचाच पुरावा मानता येत नाही.

शोधयात्री

ताई, अभ्यासपूर्ण लिहिलंय, पण पटलं नाही. मुद्दे मांडतो.

एक, सत्यपाल सिंह यांचा प्रश्न हसण्यावारी नेला गेला, उत्तर कोणी दिलं नाही. माकडाचा माणूस होताना खरंच कोणी पाहिलाय? आणि झाला असेल तर आजही माकडं का आहेत?

दोन, आपल्या परंपरेत विकासाचा विचार नव्हताच असं म्हणणं अन्यायाचं आहे. सांख्यांनी निर्माता ईश्वर न मानता प्रकृतीतून क्रमाने सृष्टी कशी उलगडते ते मांडलं. लोकमान्यांनी गीतारहस्यात कपिलांचं सांख्य आणि डार्विन-हेकेल यांचा विचार समोरासमोर ठेवून पाहिला आहे. मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिणारा तो माणूस मोबाईलवरचे संदेश वाचून लिहीत नव्हता.

तीन, ऋग्वेदातलं नासदीय सूक्त. सृष्टी कुठून आली हे देवांनाही ठाऊक नसेल, कारण तेही नंतरचे, असं म्हणायचं धाडस जगात आणखी कोणी केलं आहे?

तासिका

शोधयात्री, दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर आपला वाद नाही. नासदीय सूक्त मला फार प्रिय आहे. प्रश्न इतक्या मोकळेपणाने विचारणाऱ्या लोकांचे वारस म्हणून तरी आपण उत्तरं तपासून घ्यायला हवीत. आणि लोकमान्यांचंच उदाहरण घ्या. त्यांनी युरोपातलं त्या वेळचं विज्ञान मुळातून वाचलं आणि साम्य कुठे, फरक कुठे याची चर्चा केली. दशावताराच्या तक्त्यात ती चर्चा नसते.

पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर देते. आजच्या माकडापासून माणूस झाला असं उत्क्रांती सांगतच नाही. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. चुलत भाऊ जिवंत आहे म्हणून आपला जन्म झाला नाही असं कोणी म्हणत नाही.

आता "कोणी पाहिलं". चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या तिघांत गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात. आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी नाहीशी झाली तर प्राणी जगणार नाही, त्यामुळे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झाली असणार. हा अंदाज तपासता येतो. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाची ठरावीक अक्षरांची माळ असते आणि मध्ये कुठेतरी एक सेंट्रोमिअर असतो, पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळली असतील तर टोकाची ती माळ भलत्याच जागी, मधोमध, आणि तीही उलटसुलट जुळलेली सापडायला हवी. शिवाय निकामी झालेला दुसरा सेंट्रोमिअरही सापडायला हवा. माणसाच्या दोन नंबरच्या गुणसूत्रात हे दोन्ही आहे. जोडाची ती जागा १९९१ मध्ये वाचली गेली. चिंपांझीची दोन गुणसूत्रं तिच्याशेजारी ठेवली की पट्ट्याला पट्टा जुळतो. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. सुरुवातीला कंटाळून बसलेली मुलंसुद्धा उठून जवळ येतात.

पायपेटी

मी मालवणकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या दशावतारी नाटकात आहेत, मी पायपेटी वाजवतो. त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवेना.

देवळाच्या जत्रेत रात्री उशिरा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग. त्यात काळा पोशाख केलेला संकासूर येतो, मालवणीत भटजीशी हुज्जत घालतो, पोरंटोरं पुढे सरकून बसतात. त्याने वेद पळवलेले असतात. विष्णू येतो, त्याला मारतो, वेद सोडवतो. मत्स्यावताराची ही कथा मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिली आहे की झांजेचा कुठला ठोका कुठे पडतो ते झोपेतही सांगेन. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बायका संकासुराला हात जोडतात. नवस बोलतात. पहाटे धयकालो, म्हणजे दहीकाला, होतो आणि प्रसाद घेऊन लोक घरी जातात. त्या अख्ख्या रात्रीत माशाला कल्ले होते की फुप्फुसं, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवत नाही, कारण त्या कथेचं ते कामच नाही.

म्हणून मला दशावताराला विज्ञान म्हटलेलं आवडत नाही. लोकांना वाटतं याने आमचा मान वाढतो. मला उलटं वाटतं. माझ्या देवाला डार्विनचं प्रमाणपत्र लागतं असं म्हणणं म्हणजे देव छोटा करणं. उद्या शास्त्रज्ञांनी काही नवीन शोधलं आणि क्रम बदलला तर आम्ही काय संकासूर रंगमंचावरून काढायचा? बाई, तुमचा नकार योग्य आहे. दशावतार बघायचा तर आमच्याकडे जत्रेला या, तक्त्यात नको.

मांडवीतीर

पायपेटी, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून लगेच लिहायला बसले, कारण नेमकं हेच आमच्या चर्चच्या इतिहासात घडलेलं आहे.

मी गोव्याची, कॅथलिक. बायबलातली सृष्टीची उत्पत्ती मी मराठी ओव्यांतही वाचली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, त्याच्या पहिल्या पुराणात ती सगळी कथा आहे. ती वाचताना मला आजही भरून येतं. पण ती कथा आणि जीवशास्त्राचं पुस्तक यांत निवड कर असं मला घरी किंवा चर्चमध्ये कधी कोणी सांगितलं नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही असं लिहिलं, आत्मा मात्र देव देतो ही श्रद्धा कायम ठेवून. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की हा सिद्धान्त आता नुसत्या गृहीतकाच्या पुढे गेला आहे. आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेल तर मठातला साधूच होता. मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावर प्रयोग केले.

पण मला सांगायचंय ते जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडलं आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी अशी कल्पना पुढे ठेवली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो तिचं हे मूळ. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस यांनी भाषणात जवळजवळ असं सांगितलं की विज्ञानाने आता बायबलातल्या निर्मितीला दुजोरा दिला आहे. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता ना? ते अस्वस्थ झाले. माझा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण वेगळा आहे, उद्या तो खोटाही ठरू शकतो, श्रद्धा त्याच्यावर उभी करू नका, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या संचालकांसोबत त्यांनी ती पोपपर्यंत पोचवली. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

स्वतः पाद्री असलेल्या शास्त्रज्ञाने पोपना हे सांगितलं. तुमच्या सहकाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून लिहितेय. इथे उलटी तऱ्हा आहे, इथे विरोध ख्रिस्ती मूलतत्त्ववाद्यांचा. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात स्कोप्स नावाच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला भरून १०० डॉलर दंड केला होता. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळा मंडळाने 'बुद्धिमान रचने'ची, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवले ही कल्पना विज्ञानाच्या तासाला आणली. पालक कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी स्पष्ट निकाल दिला की हे विज्ञान नाही, धर्माचंच दुसरं रूप आहे. माझ्या मुलांच्या वर्गात अजूनही अशी घरं आहेत जिथे पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं मानतात. भारतात पृथ्वीच्या वयावरून भांडण नाही, आपल्याकडे युगं आणि कल्प भरपूर मोठे आहेत. त्यामुळे आपल्याला हे सोपं जायला हवं होतं.

कास्तकार_वऱ्हाड

शोधयात्री भाऊ, तुम्ही विचारलं कोणी पाहिलं. मी पाहिलं. माझ्या वावरात पाहिलं. माणसाचं नाही, अळीचं.

बीटी कापूस २००२ मध्ये आला. आधीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीने आम्हाला रडवलं होतं, फवारण्या मोजायच्या बंद केल्या होत्या. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेलं बियाणं, त्याच्या झाडातच अळीला मारणारं प्रथिन, त्यामुळे पहिली काही वर्षं फवारा कोपऱ्यात पडून राहिला. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट मिळायचं, साध्या, बीटी नसलेल्या सरकीचं. ते वावराच्या कडेने लावायचं असं सांगितलं होतं. गावात कोणी लावलं नाही. अळीला खायला घालायला आपण कशाला रान गुंतवायचं, असा आमचा हिशेब. दुकानदारानेही कधी समजावलं नाही. बरीच पाकिटं बांधावर फेकलेली मी डोळ्यांनी पाहिली.

ते पाकीट कशासाठी होतं हे मला २०१७ नंतर कृषी विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञ साहेबांनी समजावून सांगितलं. लाखो अळ्यांत एखादी अशी असतेच जिच्यावर ते प्रथिन चालत नाही. बीटीने तिला तयार केलं नाही, ती आधीपासून होती. सगळीकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि अशाच दोन वाचलेल्या पतंगांचं मीलन होतं, पिलावळ सगळी पक्की. कडेला साधा कापूस असेल तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या पक्क्या पतंगांशी मिसळतात आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. म्हणजे कडेच्या त्या ओळी अळीच्या उत्क्रांतीला लावलेला ब्रेक होता. हे ज्याने आखलं त्याला डार्विन पाठ होता.

मग हिरवी अळी का नाही आली परत आणि गुलाबी का आली? तेही त्यांनीच सांगितलं. हिरवी अळी तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टमाट्यावर जाते. तिला बिनबीटीचं रान आपोआप मिळत राहिलं. गुलाबी बोंडअळीचं सगळं कापसावरच. वरून आम्ही फरदड घेत होतो, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक तसंच ठेवत होतो, पाण्याची सोय असली की पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी. म्हणजे तिला बारा महिने घर आणि खायला फक्त बीटी. गुजरातेत पहिल्या जनुकाला ती २०१० च्या सुमारास पचवून बसल्याचं जाहीर झालं होतं. २०१७ मध्ये आमच्याकडे बोंडं वरून हिरवीगार, चांगली टपोरी. फोडली तर आत गुलाबी अळी, कापूस पिवळा पडलेला, सगळी कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साध्या कापसाच्या ओळी इमानदारीनं लावल्या, पुढे नसबंदी केलेले पतंग सोडले. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच, अळी तीच.

आमच्याकडे पेरणीआधी नारळ फुटतो, मी स्वतः फोडतो. त्याच्याशी कोणाचं भांडण नाही. पण दहावीत हा धडा मला कोणी नीट शिकवला असता तर ते १२० ग्रॅमचं पाकीट मी बांधावर फेकलं नसतं. माझ्यासारखे लोक दहावीनंतर शाळेत जात नाहीत. आमच्यासाठी तोच शेवटचा वर्ग असतो.

वाचनवेडा

कास्तकार दादा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली आहे.

शोधयात्री

कास्तकार भाऊ, तुमचं लिहिणं आतपर्यंत पोचलं. तरी एक शंका उरते. अळी बीटीला पक्की झाली, पण राहिली अळीच. तिचा पतंग सोडून दुसरं काही झालं नाही. एका जातीत असे बदल होतात हे मी मानतो. एका प्रकारच्या प्राण्यातून अगदी निराळा प्राणी होतो, याला पुरावा काय?

बेसाल्ट

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं एक उत्तम उत्तर आपल्याच उपखंडातल्या खडकांत आहे. मी भूशास्त्रातला, त्यामुळे थोडं लांबेल.

देवमासा हा सस्तन प्राणी. फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. तेव्हा त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत आणि मधली रूपं कुठेतरी खडकात असली पाहिजेत, असा डार्विनच्या विचारातून सरळ निष्कर्ष निघतो. फार वर्षं ती मिळत नव्हती. मग १९८१ मध्ये पाकिस्तानातून पाकिसीटस आला. चार पायांचा, लांडग्याएवढा, पण कानाचं हाड देवमाशाचं. त्यानंतर पाण्यात आणि काठावर दोन्हीकडे वावरणारा ॲम्ब्युलोसीटस, आणि २००० मध्ये आपल्या कच्छमधला कचिसीटस, आखूड पाय आणि लांब दणकट शेपटीचा.

सगळ्यात सुंदर कथा इंडोह्यूसची. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी खूप जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेल्यावर दगड तसेच पडून राहिले. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या अभ्यासकाकडे सोपवले. प्रयोगशाळेत हाडं सोडवताना एका कवटीचा कानाकडचा भाग चुकून तुटला. आतमध्ये हाडाची ती जाड कड होती जी तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इंडोह्यूस सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजरापेक्षा थोडा मोठा, हरणासारखे बारीक पाय असलेला, खुरांचा प्राणी. त्याच्या हाडांची भिंत पाणघोड्यासारखी जाड, म्हणजे उथळ पाण्यात तळाशी चालणारा. आजच्या जिवंत प्राण्यांत डीएनएवरून देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडाच निघतो. हाडं एकीकडून आली, डीएनए दुसरीकडून, आणि दोघांचं उत्तर एक.

डॉल्फिनच्या गर्भात पहिल्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि मग विरघळून जातात. आधीच्या पिढ्यांना पाय नसते तर या कोंबांचं काय कारण?

आणि मुंबईकरांसाठी: वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन करून नाव दिलं रिचर्ड ओवेन यांनी, 'डायनोसॉर' हा शब्द रूढ करणारे तेच. पुढे ओवेन डार्विनचे कडवे विरोधक झाले. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला २००३ मध्ये जांभळा बेडूक जगापुढे आला, आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले थेट सेशेल्स बेटांवर. बेडूक खाऱ्या पाण्यातून पोहून जात नाही. भारत आणि सेशेल्स एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, म्हणून हे नातं.

शोधयात्री

इंडोह्यूसबद्दल पहिल्यांदाच वाचलं, सवडीने आणखी वाचणार आहे. जाणीव, आत्मा यांच्याबाबत माझं मत तेच राहील आणि त्यावर कधीतरी स्वतंत्र धागा काढेन. पण बाई, हे सगळं अकरावी-बारावीला शिकवलं तर काय बिघडेल? तेव्हा समज जास्त असते.

तासिका

अकरावीला माझ्या वर्गातली थोडीच मुलं विज्ञानाला जातात, त्यातलीही सगळी जीवशास्त्र घेत नाहीत. बाकीची वाणिज्य, कला, आयटीआय, नाहीतर थेट कामाला. तापाच्या गोळ्यांचा कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्धवट सोडणारी, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देणारी, क्षयाच्या रुग्णाची घरी काळजी घेणारी हीच मुलं असणार आहेत. जिवाणू औषधाला पक्के कसे होतात, हे कास्तकार दादांच्या अळीसारखंच आहे. ते त्यांना दहावीतच कळायला हवं.

मांडवीतीर, लमेत्र यांची गोष्ट मी सहकाऱ्यांना सांगणार आहे. आणि पायपेटी, मार्गशीर्षात जत्रेच्या तारखा कळवा, मुलांना घेऊन यायचा विचार आहे.

कास्तकार दादा, एक विनंती. हा धडा पुस्तकात पहिलाच असल्यामुळे जूनमध्येच सुरू होतो. तुमच्याकडची किडलेली बोंडं किंवा फोटो मिळाले तर वर्गात दाखवायचे आहेत. मुलं बरीचशी ऊस आणि सोयाबीनच्या भागातली आहेत, त्यांनी बोंडअळी पाहिलेली नाही.

कास्तकार_वऱ्हाड

फोटो पाठवतो बाई, मागच्या हंगामातले आहेत, डोमकळीचे, म्हणजे अळीने आतून बांधून टाकलेल्या फुलाचेही आहेत आणि फोडलेल्या बोंडांचेही. बोंडं मात्र पाठवणार नाही. वरून वाळलेली दिसली तरी आत सरकीच्या दोन दाण्यांच्या मध्ये अळी झोपून राहते आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर निघते. आमच्या भागातली पक्की अळी मी तुमच्या भागात कशी पाठवू? कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा, एक पाठवतो, तो मुलांना हातात घेऊन बघता येईल.